पोटात दुखतंय, शाळेत जात नाही

आजचा विषय प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या मनाचा, आणि सुरुवात माझ्याच घरातून करते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही नाशिकहून कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये राहायला आलो. नवऱ्याची नोकरी सेक्टर फाइव्हला, मुलगा दुसरीत. पहिल्याच महिन्यात रोज सकाळी त्याच्या पोटात दुखायला लागलं. रविवारी दुखायचं नाही! मी स्वतः अकरा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय. वर्गातल्या मुलाचं असं झालं असतं तर चटकन कळलं असतं. घरात मात्र मी ओवा देत बसले, आणि दोनदा 'नाटकं करू नकोस' म्हणून ओरडलेही.

ते नाटक नव्हतं. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं. छाती धडधडते, पचनाचं काम मंदावतं, पोटात खरोखरच कळ येते. सात वर्षांच्या मुलाला 'मला तिथे एकटं वाटतं' असं सांगता येत नाही, त्याचं पोट सांगतं. (डॉक्टरांना आधी दाखवाच. वजन घटतंय, ताप येतोय, दुखण्यानं झोपमोड होतेय, तर सगळं मनावर ढकलू नका.)

मग एकदा त्यानं विचारलं, "आई, आडी म्हणजे काय गं?" वर्गातल्या दोघांनी त्याला करंगळी दाखवून 'आडी' म्हटलं होतं. याला वाटलं खेळ आहे. यानंही हसत करंगळी दाखवली. शेजारच्या माशीमांनी उलगडा केला : आडी म्हणजे आपली कट्टी, आणि पुन्हा जमलं की 'भाब', म्हणजे बट्टी. माझ्या पोरानं हसत हसत कट्टी पक्की केली होती आणि बट्टी कशी मागायची हे त्याला माहीतच नव्हतं!

माझंही तेच झालं. वर्गाच्या मिस मला म्हणाल्या, त्याला 'ओभिमान' झालाय. मला राग आला. एवढंसं पोर, त्याला कसला अभिमान? पण बंगालीत अभिमान म्हणजे गर्व नव्हे. आपल्या माणसानं दुखावल्यावर होतो तो रुसवा. मिसना माझ्या मुलाचं मन माझ्याआधी कळलं होतं.

आता मुद्द्याचं. भावनेला नाव मिळालं की ती थोडी आवाक्यात येते. 2007 मध्ये मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांच्या मेंदूचे स्कॅन घेऊन दाखवलं, की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतला अमिग्डाला हा भाग कमी चाळवतो. आणि आपल्याकडे शब्दांना काय तोटा? हिरमुसला, खट्टू झाला, धुसफुसतोय, बावरलाय. आपण मात्र मुलांशी बोलताना 'सॅड' आणि 'अँग्री'वर भागवतो.

पालक मला विचारतात, "मनाचं बघत बसलो तर अभ्यासाचं काय?" जोसेफ डरलॅक आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये शाळांमधल्या अशा 213 उपक्रमांचे निष्कर्ष एकत्र तपासले, मुलं 2 लाख 70 हजारांवर. भावना ओळखणं, भांडण मिटवणं हे शिकलेल्या मुलांची अभ्यासातली कामगिरीही इतरांपेक्षा सरासरी 11 पर्सेंटाइलनं वर होती. घाबरलेल्या मुलाच्या डोक्यात पाढा शिरत नाही, हे शिक्षकाला त्याशिवायही माहीत असतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली, तरी 'गाढवा, एवढंही येत नाही?' अजून ऐकू येतंच.

हे फॅड परदेशातून आलंय असं म्हणणाऱ्यांना मी बोर्डीला नेते. 1945 मध्ये ताराबाई मोडकांनी तिथे बालवाडी सुरू केली, अनुताई वाघ सोबतीला. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, तर त्या शाळाच अंगणात घेऊन गेल्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. खेळायला शिंपले, खडे, पानं, म्हणजे मुलांच्या रोजच्या ओळखीच्या वस्तू. आधी मूल रुळू दे, मग अक्षरं. इकडे बंगालमध्ये शाळांना कंटाळलेल्या रवींद्रनाथांनी 1901 मध्ये शांतिनिकेतनात झाडांखाली वर्ग भरवले, तेही बरंचसं याच ओढीनं.

आमच्या मिसनी काय केलं? दारात उभं राहून रोज प्रत्येक मुलाला नावानं हाक. माझ्या मुलाला फळा पुसायचं काम, त्यामुळे मधल्या सुट्टीत एकटं बसणं थांबलं. आणि एके दिवशी वर्गासमोर त्याला विचारलं, "तुमच्याकडे आडीला काय म्हणतात?" पुढचे पंधरा दिवस अख्खा वर्ग एकमेकांशी 'कोट्टी-बोट्टी' करत होता. समुपदेशक नाही, वेगळा तास नाही, खर्च शून्य. मोठ्या वर्गात हे अवघड जातं, मान्य. पण नावानं हाक मारायला वर्ग लहान असावा लागत नाही.

घरी मी एक प्रश्न बदलला. 'आज काय शिकवलं?' ऐवजी 'आज डबा कुणाशेजारी बसून खाल्लास?' या प्रश्नाला 'काही नाही' असं उत्तर देता येत नाही.

अजूनही एखाद्या सोमवारी पोटात दुखतं. मी विचारते, "कुणाशी आडी?" कधी सगळं सांगतो, कधी नुसताच ओवा मागतो.