जागतिक व्यापार संघटनेतील विकसनशील देशांचा प्रभाव : कापसाच्या प्रश्नाच्या संदर्भात

धार जिल्ह्यातील मनावर हा निमाडच्या कापूस पट्ट्यातील तालुका आहे. येथील मंडीत कापसाचा लिलाव होतो तेव्हा त्या बोलीमागे आंतरराष्ट्रीय बाजारभावही असतो, आणि त्या भावावर श्रीमंत देशांच्या अनुदानांचा परिणाम होतो. हा परिणाम रोखण्याची ताकद विकसनशील देशांकडे कितपत आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम मतदानाची पद्धत लक्षात घ्यावयास हवी. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मते कोट्याच्या प्रमाणात मिळतात. अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक मते आहेत व महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात. म्हणजे तो एकच देश निर्णय अडवू शकतो. भारताची मते ३ टक्क्यांहूनही कमी. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक व्यापार संघटनेत मात्र प्रत्येक सदस्याला एक मत असून निर्णय सहमतीने होतात. उपस्थितांपैकी कोणी औपचारिक हरकत घेतली नाही, की सहमती झाली असे मानतात. मग संख्येने जास्त असलेले गरीब देश जिंकत का नाहीत, असे विद्यार्थी विचारतात. प्रश्न रास्त आहे.

बेनिन, बुर्किना फासो, चाड व माली या चार आफ्रिकी देशांनी २००३ मध्ये कापसावरील अनुदाने बंद करावीत, अशी मागणी संघटनेत मांडली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कानकुन येथे मंत्रिपरिषद भरली. तेथील मसुद्यात अनुदाने हटविण्याऐवजी कापसावर अवलंबून असलेल्या अर्थव्यवस्थांनी अन्य व्यवसायांकडे वळावे, असे सुचविण्यात आले. ज्यांचे नुकसान झाले त्यांनाच धंदा बदलण्याचा हा सल्ला होता! भारत, ब्राझील, चीन आदी देशांच्या जी-२० गटानेही शेतीच्या प्रश्नावर कणखर भूमिका घेतली. परिषद निष्फळ ठरली. २००५ च्या हाँगकाँग परिषदेत विकसित देशांनी कापसाची निर्यात अनुदाने २००६ मध्ये संपविण्याचे मान्य केले. पण मोठा वाटा असलेल्या देशांतर्गत अनुदानांचा प्रश्न पुढे ढकलला गेला.

जुलै २००८ मध्ये जिनिव्हात भारताचे वाणिज्यमंत्री कमलनाथ यांनी आयात अचानक वाढल्यास शुल्क वाढविण्याच्या हक्काचा आग्रह धरला. त्यावर अमेरिकेशी मतभेद होऊन बोलणी फिसकटली आणि कापसाच्या विषयापर्यंत चर्चा पोहोचलीच नाही. भारताचा आग्रह शेतकऱ्यांच्या हिताचाच होता, तरीही आफ्रिकेतील कापूस उत्पादक ताटकळत राहिले. सहमतीच्या नियमाने नकार देण्याची शक्ती मिळते, दुसऱ्याकडून काही करवून घेण्याची मिळत नाही.

ती शक्ती काही अंशी ब्राझीलने न्यायमार्गाने मिळविली. २००२ मध्ये दाखल केलेल्या दाव्यात अपील मंडळाने २००५ मध्ये ब्राझीलच्या बाजूने निर्णय दिला. २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देण्याचे कबूल करून वाद मिटविला. बेनिन व चाड या दाव्यात केवळ त्रयस्थ पक्ष होते. ती रक्कम त्यांच्या वाट्याला आली नाही. शिवाय प्रतिशुल्काची धमकी परिणामकारक ठरण्यास ब्राझीलएवढी बाजारपेठ हवी.

पुढे हा मार्गही खुंटला. नव्या सदस्यांच्या नेमणुकीस अमेरिकेने सहमती नाकारल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून अपील मंडळाचे काम ठप्प झाले. नकाराचे शस्त्र दुबळ्यांइतकेच बलवानांच्याही हाती असते.

सर्वच निर्णय जिनिव्हात होतात, असेही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले व ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. निमाडात नवा कापूस मंडीत येतो तो याच महिन्यांत.