मुलांच्या हातीं उधारीचें कार्ड

पुण्याहून नगर रस्त्यानें जातांना लागणारें वाघोली २०२१ सालीं महानगरपालिकेंत आलें. येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकण्यासाठीं परगांवचीं पुष्कळ मुलें खोली घेऊन राहतात, आणि त्यांच्या घरीं प्रश्न निघतो : १७ वर्षांच्या चिरंजीवांस क्रेडिट कार्ड द्यावें काय ?

कायद्याचें उत्तर स्पष्ट आहे. १८७२ च्या करार-कायद्यान्वयें अज्ञान व्यक्तीस करार करितां येत नाहीं. तिनें केलेला करार मुळांतच रद्द होय, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलनें १९०३ सालीं मोहरी बीबीच्या खटल्यांत दिला. सबब १८ वर्षें पुरीं होईपर्यंत स्वतःच्या नांवें कार्ड नाहीं. वडिलांच्या कार्डावर पुरवणी कार्ड निघतें, तेंही बहुतेक बँका १८ वर्षांनंतरच देतात. आणि त्याचें देणें वडिलांच्याच माथीं.

मग मुलानें व्यवहार शिकावा कसा ? रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या परवानगीनें १० वर्षांवरील मुलांस बचत खातें स्वतः चालवितां येतें. त्यावरील डेबिट कार्डानें शिल्लक असेल तेवढेंच खर्चितां येतें. उलट क्रेडिट कार्डाची मुदत चुकल्यास महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षास ४२ टक्के व्याज कित्येकांस भरावें लागतें !

म्हणून आम्ही सुचवितों कीं, मुलास आधीं शिल्लक द्यावी व महिनाअखेर त्याजकडून जमाखर्च लिहवून घ्यावा. उधारीची घाई नको. एकत्र कुटुंबांत एकाचें ऋण सर्वांच्या ताटापर्यंत पोंचतें.