कातळातले भोक कोणाचे?

नाणेघाटाच्या माथ्यावरून जीवधन किल्ल्याकडे पाहिले की किल्ल्यापासून सुटून उभा राहिलेला एक सुळका दिसतो. हा वानरलिंगी, गिर्यारोहकांचा ‘खडा पारशी’. उंची साडेतीनशे फुटांच्या आसपास. गिर्यारोहणाचा कोणताही अभ्यासक्रम मी केलेला नाही. मात्र जुन्नर-आंबेगावच्या कड्यांवर कुठे मेख आहे, कुठे बोल्ट आहे आणि तो कितपत गंजला आहे, याची एक वही मी तीसेक वर्षे ठेवली आहे. त्या वहीतून सुचलेले इथे मांडतो.

प्रस्तरारोहणात जो पुढे चढतो, त्याचा दोर ठरावीक अंतरावर कातळात अडकवावा लागतो. तसे केले नाही तर घसरल्यावर तो थेट खाली येईल. कातळाला भेग असली तर तिच्यात मेख ठोकता येते. पण आपला बेसाल्ट बऱ्याच ठिकाणी सलग आहे. तिथे भोक पाडून बोल्ट बसवावा लागतो. आमच्या उमेदीच्या काळात हे काम हाताने चाले. एका पायावर तोल सांभाळायचा, पोलादी पंच कातळावर धरायचा, हातोडीचा घाव घालायचा, पंच जरासा फिरवायचा, पुन्हा घाव. एका भोकाला अर्धा-पाऊण तास सहज जाई. बोल्टाची पट्टी गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेली असे.

याच कष्टांतून काही रीती रुळल्या होत्या. ज्याने वाट पहिल्यांदा चढली, त्याला विचारल्याशिवाय त्या वाटेवर नवा बोल्ट मारायचा नाही. भेग असेल तिथे भोक पाडायचे नाही. सुळक्यावर आधी पोहोचलेल्या चमूची चढाई आधी. खाली माणूस असो वा नसो, दगड सुटला की ओरडायचे. आग्या मोहोळ दिसले की गुमान परत फिरायचे. हे कोणी लिहून ठेवले नव्हते. भोक महाग होते, म्हणून ते जपून पाडले जाई, एवढेच.

मग परदेशी सामान आले. आधी परदेशी जाऊन आलेल्या कुणाच्या बॅगेतून एखादा कॅरॅबिनर येई. गेल्या दहा-पंधरा वर्षांत चांगला दोर, बूट, हार्नेस सगळे सहज मिळू लागले. त्याबद्दल मी नाक मुरडणार नाही. आपल्या पावसात साधे लोखंड आतून कुजते. बाहेरचे डोके धडधाकट दिसते आणि आतला दांडा पोकळ झालेला असतो. युरोपीय मानकाचा स्टेनलेस बोल्ट नीट बसवला तर आडवा २५ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास अडीच टनांचा ओढा सोसतो. ‘फ्रेंड’ नावाचे स्प्रिंगचे साधन तर भेगेत बसते आणि काढूनही घेता येते, कातळाला ओरखडाही न पाडता.

खरा फरक बॅटरीवरच्या ड्रिलने पडला. अर्ध्या तासाचे काम दीड-दोन मिनिटांवर आले. भोक स्वस्त झाले आणि त्याबरोबर विचारणेही मागे पडले. हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी पैसे घेऊन नेले जाणारे गट येतात. त्यांच्या सोयीसाठी एका जुन्या बोल्टाशेजारी दुसरा, मग तिसरा. वहीत एकाच थांब्याच्या जागी मी सात भोके नोंदवली आहेत. त्यांतली चार रिकामी.

हे जगात इतरत्रही झाले आहे. पॅटागोनियातल्या सेरो तोरे शिखरावर १९७० साली चेझारे मेस्त्री या इटालियन गिर्यारोहकाने पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर चढवून शेकडो बोल्ट ठोकले. २०१२ मध्ये दोन तरुणांनी त्यांतले शंभराहून अधिक उतरताना काढून टाकले. त्यावरूनही भांडण झालेच. लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्यांतही ‘एका लाटेवर एकच’ असा नियम आहे. पण मोडलेल्या लाटेमागून दुसरी लाट येते. कातळाचे तसे नाही. नाणेघाटातली सातवाहनांची अक्षरे दोन हजार वर्षांनंतरही वाचता येतात. जुन्नर तालुक्यात दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. छिन्नीचा घाव किती टिकतो, हे आम्हाला वेगळे सांगायला नको.

म्हणून माझे म्हणणे असे, की परदेशी बोल्ट जरूर वापरावा. तो गंजक्याच्या जागी बसवावा, शक्य तर जुनेच भोक रुंद करून, आणि जुना काढून खाली आणावा. नवे भोक पाडण्याआधी त्या सुळक्यावर चढलेल्यांना विचारावे, घाटघरसारख्या पायथ्याच्या गावाला सांगावे. आंबेगावातला आहुपे परिसर तर भीमाशंकर अभयारण्यात मोडतो, तिथे वनखात्याची परवानगी लागतेच.

आता एक कबुली. पंचविशीत, आंबेगावच्या एका बिननावाच्या सुळक्यावर, हातभर अंतरावर चांगली भेग असताना मी भोक पाडले होते. हात थरथरत होते आणि मेख बसेल यावर भरवसा नव्हता. पुढे बोल्ट काढला, भोकात दगडाची पूड आणि एपॉक्सी भरली. पावसाळ्यानंतर ती जागा अजून ओळखू येते. वहीत तिचीही नोंद आहे, माझ्या नावासकट.