गमावलेला मंच, उभारलेला मंच

अमेरिकेतल्या लेस्बियन विनोदकारांचा इतिहास बहुतेकदा ३० एप्रिल १९९७ पासून सांगितला जातो. त्या रात्री एबीसी वाहिनीवरच्या ‘एलेन’ मालिकेतल्या नायिकेने आपण समलिंगी असल्याचं सांगितलं आणि सुमारे चार कोटी वीस लाख लोकांनी ते पाहिलं. त्याच महिन्यात ती भूमिका करणाऱ्या एलेन डीजेनेरसने ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावरून स्वतःबद्दलही तेच जाहीर केलं. ही घटना मोठीच होती. पण तिलाच आरंभ मानलं, तर तिच्याआधीची अठरा वर्षं पुसली जातात आणि त्यांच्यासोबत रॉबिन टायलर हे नावही पुसलं जातं. टायलरची कारकीर्द सहसा दोन तुकड्यांत सांगतात : आधी फसलेली विनोदकार, नंतर यशस्वी कार्यकर्ती. हे दोन तुकडे मुळात एकच आहेत, असं मला म्हणायचं आहे. बाजाराने तिचा मंच काढून घेतला, तेव्हा तिने आपली कला मोर्चात, महोत्सवात आणि न्यायालयाच्या दारापर्यंत नेली. पुढच्या लेस्बियन विनोदकार ज्या जमिनीवर उभ्या राहिल्या, तिच्या मशागतीत टायलरचा वाटा आहे.

टायलरचा जन्म १९४२ मध्ये कॅनडातल्या विनिपेग शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. ती न्यूयॉर्कला आल्यावर १९६२ मध्ये पोलिसांनी एका ड्रॅग बॉलवर छापा घातला आणि स्त्रीवेषातल्या पुरुषांबरोबर तिलाही पकडून नेलं. ती खरोखरच बाई आहे, हे कळल्यावर वर्तमानपत्रांना चमचमीत बातमी मिळाली. गायिका-अभिनेत्री जूडी गार्लंडच्या नकला करत आणि गाणी म्हणत ती रंगमंचावर रुळली. १९७० च्या दशकात पॅटी हॅरिसनसोबत तिने ‘हॅरिसन अँड टायलर’ ही जोडी उभी केली. स्त्रीमुक्तीचा उघड पुरस्कार करणारा त्यांचा विनोद महाविद्यालयांत गाजला, ध्वनिमुद्रिका निघाल्या, एबीसीशी करारही झाला. १९७८ मध्ये ‘क्रॉफ्ट कॉमेडी अवर’ हा त्यांचा कार्यक्रम प्रसारित झाला, पण त्याची मालिका झाली नाही. दशकाच्या अखेरीस विनोदकार फिलिस डिलरच्या सूत्रसंचालनाखालच्या शोटाइम वाहिनीवरील कार्यक्रमात टायलर उघडपणे लेस्बियन म्हणून उभी राहिली. १९७९ मध्ये ‘ऑलवेज अ ब्राइड्समेड, नेव्हर अ ग्रूम’ ही तिची एकटीची ध्वनिमुद्रिका ऑलिव्हिया रेकॉर्ड्स या स्त्रियांनी चालवलेल्या कंपनीने काढली. मुख्य प्रवाहातल्या करमणूक व्यवसायाची दारं मात्र तिच्यासाठी बंद होत गेली.

लैंगिकता ही खासगी बाब आहे, ती मंचावर आणायची गरज काय, असा आक्षेप इथे हमखास येतो. स्टँड-अपची घडणच त्याला उत्तर देते. नटाला पात्राचा आडोसा असतो, या कलावंताला नसतो. माझं घर, माझी माणसं, माझी फजिती, हेच त्याचं भांडवल. बायको आणि सासूवर पिढ्यान्‌पिढ्या विनोद करणाऱ्या पुरुषांना कुणी ‘तुमचं खासगी आयुष्य घरी ठेवा’ असं सांगितलं नाही. लेस्बियन विनोदकाराला तसं सांगणं म्हणजे तिच्या कलेचा कच्चा मालच जप्त करणं. म्हणून टायलरच्या उघडपणात धैर्य होतंच, पण त्याहून अधिक कलेशी इमान होतं.

प्रेक्षकांची तयारी नव्हती, त्यात व्यवसायाचा काय दोष, असंही म्हणता येईल. १९९७ चा पुरावा वेगळंच सांगतो. तेव्हा अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या स्थानिक केंद्राने ‘एलेन’चा तो भाग दाखवायचं नाकारलं, तर तिथल्या लोकांनी सभागृह घेऊन तो एकत्र बसून पाहिला. माघार घेतली ती काही जाहिरातदारांनी, आणि पुढच्याच वर्षी मालिका बंद झाली. त्या भागानंतर मालिकेचा प्रेक्षक घटला होता, हे खरं. पण पहिल्या रात्रीचा आकडा पाहता प्रेक्षक मुळातच नव्हता, असं म्हणता येत नाही. टायलरला तो प्रेक्षक जवळजवळ वीस वर्षं आधी दिसला होता, आणि त्याला एका जागी जमवायचं काम तिने अंगावर घेतलं. १४ ऑक्टोबर १९७९ रोजी समलिंगींच्या हक्कांसाठी वॉशिंग्टनवर पहिला राष्ट्रीय मोर्चा निघाला. त्याची हाक देणाऱ्यांत ती होती. त्या मोर्चाच्या आणि पुढे १९८७ व १९९३ च्या मोर्चांच्या मुख्य मंचाची निर्मिती तिने केली. १९८० च्या दशकात तिने स्त्रियांसाठी संगीत आणि विनोदाचे महोत्सव भरवले. संगीताच्या जोडीला विनोदालाही हक्काची जागा देणं, हे त्यांचं वैशिष्ट्य. वक्त्यांचा क्रम लावणं, कंटाळलेला समुदाय पुन्हा ताब्यात घेणं, योग्य क्षणी थांबणं, विरोधी आरोळीला जागच्या जागी उत्तर देणं ही सारी स्टँड-अपचीच कौशल्यं. मैदान बदललं, कसब तेच राहिलं.

आता टायलरच्या वाट्याचा सर्वांत ठोस पुरावा. टायलर आणि तिची जोडीदार डायन ओल्सन दरवर्षी व्हॅलेंटाइन दिनाला बेव्हर्ली हिल्सच्या न्यायालयात विवाहाचा परवाना मागत आणि नकार घेऊन परतत. २००४ मध्ये त्यांनी ग्लोरिया ऑलरेड या वकिलामार्फत दावा लावला. तो इतर दाव्यांत मिसळला आणि १५ मे २००८ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला. १६ जूनला या दोघींचं लग्न झालं. ४ नोव्हेंबरला मतदारांनी समलिंगी विवाहावर बंदी घालणारं ‘प्रपोझिशन ८’ मंजूर करून ते दार पुन्हा लावलं. मधल्या साडेचार महिन्यांत सुमारे अठरा हजार जोडपी विवाहबद्ध झाली. त्यांत ऑगस्टमध्ये एलेन डीजेनेरस होती आणि ऑक्टोबरमध्ये विनोदकार वांडा साइक्स. प्रपोझिशन मंजूर झाल्याचा संताप साइक्सला लास व्हेगासच्या निषेध सभेत घेऊन गेला. तिथे तिने स्वतःची ओळख पहिल्यांदा जाहीर केली. सहा महिन्यांच्या आत, मे २००९ मध्ये, ती व्हाइट हाउस वार्ताहरांच्या मेजवानीत राष्ट्राध्यक्ष ओबामांसमोर विनोद सादर करत होती. उघडपणे समलिंगी असलेल्या कलावंताला तो मान पहिल्यांदाच मिळत होता.

याचं सगळं श्रेय टायलरचं नाही. २००८ च्या त्या निकालामागे अनेक जोडपी, सॅन फ्रान्सिस्को शहर आणि कितीतरी वकील होते. २००९ मध्ये प्रपोझिशनला आव्हान देणाऱ्या खटल्यात ती हरलीसुद्धा. आधी लागलेली लग्नं तेवढी वैध राहिली. २०१३ मध्ये तो अडथळा दूर झाला, तो दुसऱ्यांच्या खटल्यामुळे. पण वाटेकरी अनेक होते म्हणून एखाद्याचा वाटा शून्य होत नाही. टायलर एलेनइतकी थोर विनोदकार नव्हती, असंही कुणी म्हणेल. तशी तुलना करायला दोघींना सारखी संधी मिळायला हवी होती. टायलरला नाकारलेले कार्यक्रम झालेच नाहीत. मग त्यांचा दर्जा कसा मोजणार?

कलावंताची कारकीर्द आपण मिळालेल्या कार्यक्रमांनी, विकलेल्या तिकिटांनी आणि पुरस्कारांनी मोजतो. ज्यांना मंचच नाकारला गेला, त्यांच्यासाठी ही मोजपट्टी अन्यायाची आहे, कारण ती नाकारणाऱ्याचा निर्णय कलावंताच्या खाती मांडते. अशा कलावंतांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : त्यांच्यामागून आलेल्यांना कमी किंमत मोजावी लागली का? एलेनची मालिका गेली, पण २००३ मध्ये सुरू झालेला तिचा गप्पांचा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर एकोणीस वर्षं टिकला. साइक्सच्या वाट्याला तर ओळख जाहीर केल्यावर देशातला सर्वांत मानाचा विनोदी मंच आला. उतरत गेलेल्या या किमतीच्या हिशेबात पहिली आणि सर्वांत मोठी रक्कम टायलरने भरली आहे. विनोदाच्या इतिहासात तिला पहिल्या प्रकरणात जागा हवी, ती याच आधारावर.