शाप कोणाच्या हातून फळतो?

महाभारत कुठे सांगितलं गेलं, याकडे वाचकाचं सहसा लक्ष जात नाही. जनमेजयाने सर्पसत्र मांडलं आहे, मंत्रांच्या बळाने ओढले गेलेले साप होमकुंडात पडताहेत, आणि त्याच सत्रात विधींच्या मधल्या वेळात वैशंपायन राजाला त्याच्या पूर्वजांची कथा ऐकवतो आहे. एवढी मोठी वैरकथा प्रत्यक्ष सूड चालू असताना, सूड घेणाऱ्यालाच सांगितली जाते. या सत्राच्या मुळाशी आहे एक शाप. शिकारीत दमलेल्या, तहानलेल्या परीक्षिताला, म्हणजे जनमेजयाच्या वडिलांना, मौनात बसलेल्या शमीक ऋषींनी उत्तर दिलं नाही. त्याने धनुष्याच्या टोकाने मेलेला साप उचलून त्यांच्या खांद्यावर टाकला. मुलगा शृंगी संतापला आणि सातव्या दिवशी नागराज तक्षक तुला दंश करील, असं बोलून गेला. शाप दिला की कथेची गाडी रुळावर पडली, पुढचं सगळं दैवाने ठरलेलं, असं आपण मानतो. माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. चांगल्या लेखकाच्या हाती शाप फक्त मुदत घालून देतो; तो फळवायला माणसं लागतात, आणि त्यांच्या मनात बहुतेक वेळा जुना सूड असतो.

परीक्षिताची कथा या दृष्टीने सावकाश वाचण्यासारखी आहे. शाप देणाऱ्याचा बाप शमीक मुलालाच दटावतो आणि राजाला सावध करायला शिष्य पाठवतो. राजा एका खांबावरच्या महालात बंदोबस्तात बसतो. विषावर उतारा जाणणारा काश्यप त्याला वाचवायला निघतो. वाटेत तक्षक त्याला गाठतो, एक वड दंशाने जाळून दाखवतो आणि काश्यप तो वड पुन्हा जसाच्या तसा उभा करतो. म्हणजे शाप हरू शकतो, हे व्यासांनी आपल्या डोळ्यांसमोर सिद्ध केलं आहे. मग तक्षक द्रव्य पुढे करतो आणि काश्यप ते घेऊन माघारी फिरतो. ऋषिपुत्राच्या शापाला शेवटी लाच लागली! शिवाय दंश करणारा तक्षकच का? अर्जुनाने खांडववन जाळलं तेव्हा होरपळला तो तक्षकाचाच परिवार, आणि परीक्षित अर्जुनाचा नातू. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये खांडवदाहाकडे बोट दाखवून या वैराचं मूळ उघड केलं, ते याच कारणासाठी महत्त्वाचं आहे. शृंगीच्या शापाने जुन्या सुडाला फक्त परवाना मिळाला.

यावर कोणी म्हणेल, काश्यपाला राजाचं आयुष्य सरल्याचं ज्ञानदृष्टीने कळलं होतं, आणि सापांना तर त्यांच्या आईने, कद्रूने, आगीत जळण्याचा शाप आधीच दिला होता. तेव्हा माणसांच्या हाती उरलं काय? आक्षेप खरा आहे. संहितेत या दोन्ही गोष्टी आहेत. पण काश्यप मुळात धनाच्या आशेनेच घरून निघाला होता, हेही त्याच संहितेत आहे. आणि कद्रूचा शाप अर्ध्यावर थांबतो तो आस्तीक नावाचा मुलगा सत्रमंडपात येऊन राजाकडून वर मिळवतो म्हणून. आई नागकुळातली, बाप ऋषी, असा दोन्हीकडचा हा मुलगा. तक्षक अंतराळात लोंबकळत असताना तो सत्र थांबवायला सांगतो आणि राजा दिलेला शब्द पाळतो. सुटकेची वाट आधीपासून ठरलेली होती म्हणावं, तरी त्या वाटेने कोणीतरी चालत जावं लागलंच.

कालिदासाचं उदाहरण माझ्या विरोधात जातं, असं वरवर वाटतं. महाभारतातला दुष्यंत सगळं आठवत असून शकुंतलेला भर सभेत नाकारतो. कालिदासाने ‘शाकुंतला’त दुर्वासाचा विस्मरणाचा शाप घातला, अंगठी घातली आणि राजाला दोषमुक्त केलं, ही तक्रार जुनीच. पण पाचव्या अंकाची सुरुवात पाहा. शकुंतला दरबारात यायच्या आधी आतून हंसपदिकेचं गाणं ऐकू येतं आणि एकदा प्रेम करून विसरलेल्या राणीचा तो टोमणा आहे, हे राजालाही कळतं. इथे कुठला शाप नव्हता. विसरणं या राजाच्या अंगवळणीच पडलेलं होतं. दुर्वासाने त्याला मंत्राचं पांघरूण घातलं, आणि कालिदासाने ते एका कोपऱ्यातून मुद्दाम उचलून ठेवलं.

1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी हेच शाकुंतल संगीतात आणलं. म्हणजे मराठी संगीत रंगभूमीचा पहिला बहर शापाच्या कथेने आला. पुढे मात्र आपलं नाटक सुडाकडे वळलं. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त (1907) प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी माजी व्हाइसरॉय कर्झन पाहिला आणि सरकारने 1910 मध्ये नाटकावर बंदी घातली. तिथला सूड न्यायाचा आहे, प्रेक्षक त्याच्या बाजूने उभा आहे. तेंडुलकरांनी 1972 मध्ये ‘घाशीराम कोतवाल’मधून हा आधारच काढून घेतला. पुण्यात चोरीचा खोटा आळ येऊन मार खाल्लेला घाशीराम शहराला उद्देशून जी प्रतिज्ञा करतो, ती शापासारखीच घुमते. पण ती फळायला कोतवाली लागते, कोतवालीसाठी पोटची मुलगी गौरी पेशव्यांचा कारभारी नाना फडणवीस याला द्यावी लागते, आणि काम संपल्यावर घाशीरामाला जमावाच्या हवाली करणारा हुकूमही नानाचाच. सूड घेणारा स्वतःच दुसऱ्याच्या हातातलं हत्यार निघतो. ‘कीचकवधा’पेक्षा ‘घाशीराम’ मला मोठं वाटतं ते यामुळे.

या सगळ्यात आस्तीक मात्र मागे पडला. सूड रंगवणं आपल्या नाटककारांना उत्तम साधलं. सत्र भर रंगात असताना मंडपात शिरून ते थांबवणाऱ्याकडे त्यांनी तितक्या आस्थेने पाहिलेलं नाही. नव्या नाटककारांनी आदिपर्वातलं आस्तीकपर्व एकदा सबंध वाचावं, एवढी विनंती.