तासगावची बिनबियांची द्राक्षे

आंब्याची कोय परसात रुजत घातली तर झाड येते; मग फळ मूळ झाडासारखे निघो वा न निघो. परंतु ज्या फळास बीच नाही त्याचा वंश चालतो कसा, हा प्रश्न नैवेद्याच्या ताटात द्राक्षाचा घड ठेवताना आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात आला असेल.

या द्राक्षात बी धरते, पण कोवळेपणीच खुरटते. म्हणून वंश चालतो तो काडीने. 'थॉम्सन सीडलेस' ही जात म्हणजे पश्चिम आशियातील फार जुनी 'सुलताना' अथवा 'किसमिस'च होय. कॅलिफोर्नियातील विल्यम थॉम्सन या इंग्रज गृहस्थाने १८७२ साली न्यूयॉर्ककडून तिच्या काड्या मागविल्या आणि त्याचे नाव तिला कायमचे चिकटले.

सर्व वेली एकाच वेलीचा विस्तार, तर त्यांत निराळेपण येते कोठून? क्वचित एखाद्या डोळ्यातच फरक पडतो व त्या फांदीस निराळे फळ लागते. सफरचंदाच्या कित्येक तांबड्या जाती अशाच एकेका फांदीवर सापडल्या. तासगाव तालुक्यातील बोरगावी हेच घडले. (हा तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच मोडत असे, सांगली जिल्हा हे नाव १९६० चे.) तेथील बागाईतदार वसंतराव आर्वे यांनी थॉम्सनच्या बागेत निराळ्या मण्यांचे घड हेरले आणि तेवढ्याच काड्या वाढविल्या. हीच 'तास-ए-गणेश'. परशुरामभाऊ पटवर्धनांनी जेथे गणपतीचे गोपुर उभारले त्या तासगावच्या द्राक्षाच्या नावात गणेश यावा, हे आम्हांस शोभूनच दिसते. निसर्गाने केलेला फरक शेकडो घडांत ओळखावयास मंडपाखाली रोज फिरणारी नजरच हवी. येथे आम्हांस अधिक कौतुक आहे ते त्या नजरेचे.

हिचा मणी लांबट, पिकल्यावर पिवळसर हिरवा. थंड देशांत हिवाळा वेलीस निजवितो. आपल्याकडे ते काम कात्रीने करावे लागते. एप्रिलात छाटून काडी तयार करावयाची, ऑक्टोबरात छाटून फळ घ्यावयाचे. सुमारे चार किलो द्राक्षे सुकविली म्हणजे एक किलो बेदाणा मिळतो. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे शिऱ्यात बेदाणे घालणाऱ्या गृहिणींस ठाऊक असावे.

मात्र बी नाही म्हणून नवी पिढीही नाही. एका वेलीस जो रोग बाधतो तो सर्वांसच बाधावयाचा. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला की केवडा रोग पडतो आणि पाहता पाहता बाग हातची जाते. अलीकडे बागाईतदार 'डॉगरिज' या अमेरिकन रानजातीच्या खुंटावर कलम बांधतात, त्यामुळे खारट पाण्यातही मूळ तग धरते. वरची वेल मात्र तीच राहते.