मातीतला एकटांग्या

विदर्भातलं गुरांचं दुखणं फऱ्या, म्हणजेच एकटांग्या, रायपूरच्या खेड्यांत एकटंगिया होतो. भोसल्यांच्या काळापासून १९५६ पर्यंत छत्तीसगडचा कारभार नागपूरशी जोडलेला होता. पुढे नवा मध्य प्रदेश आला, २००० साली स्वतंत्र राज्य झालं. दुखण्याचं नाव मात्र दोन्हीकडे तेच राहिलं.

लक्षणंही तीच. सहा महिने ते दोन वर्षांचं, अंगानं भरलेलं वासरू सकाळी तापानं फणफणतं, एक पाय ओढू लागतं. दुपारपर्यंत पायाच्या फऱ्यावर सूज चढते. ती दाबली की आतला वायू वाळक्या पाचोळ्यासारखा करकरतो. तेवढ्यात पेनिसिलिन मिळालं तर आशा. नाहीतर दीड-दोन दिवसांत खेळ आटोपतो.

हे दुखणं आणणाऱ्या जंतूचं नाव क्लॉस्ट्रिडियम शोव्हिआय. त्याच्यावरची पहिली लस फ्रान्समध्ये १८८० च्या दशकात निघाली. आपल्याकडे जनावरांच्या साथींचा अभ्यास करणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यात उघडली आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरला गेली. पुढे फॉर्मेलीननं मारलेल्या जंतूंची लस आली. आजही तीच टोचतात. शेती-गुरांच्या शिक्षणासाठी रायपूर भागात १९८७ मध्ये इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ आणि २०१२ मध्ये दुर्गचं कामधेनू विद्यापीठ उभं राहिलं.

याच काळात गुरांची दुसरी साथ, बुळकांडी, संपली. २००६ मध्ये भारत, २०११ मध्ये सारं जग तिच्यातून सुटलं. मग फऱ्या का राहिला? बुळकांडीच्या विषाणूला जगायला लस न टोचलेलं जनावर लागायचं. ते मिळेनासं झालं आणि ती मेली. फऱ्याचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षं तग धरतात, चाऱ्याबरोबर पोटात जातात. त्यामुळे जन्मणाऱ्या प्रत्येक वासरासाठी लढाई नव्यानं सुरू होते.

आपली दिव्याची अवस, तीच छत्तीसगडची हरेली. त्या दिवशी गुरांना कणकेची मीठ घातलेली लोंदी भरवतात, गुरं राखणारे राऊत रानातली मुळं-कंद आणून देतात. माया खरी, पण तोवर पाऊस आणि त्याबरोबर फऱ्याचे दिवस सुरू झालेले असतात. लशीची ताकद अंगात यायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून ती मृगाच्या आधीच टोचलेली बरी.

आणि गेलेलं जनावर फाडायचं नाही, ओढ्याकाठी टाकायचं नाही. चुना घालून खोल पुरायचं. उघड्यावर टाकलं, की पुढच्या वासरांचं मरण आपणच पेरून ठेवलं.